सुसाट

“ह्यात संथ कुठे आहे हो?” समीक्षकाच्या बायकोने इस्त्री बाजूला ठेवली आणि आपला मोबाइल त्याच्या कानाशी धरला. “मागे कुत्रं लागल्यासारखा वाजवतोय हा माणूस.”

समीक्षकाने ऐकलं. मग हातातल्या पेपरची घडी घातली आणि तिच्यावर बसला.

त्या पेपरात आजच त्याचा लेख आला होता. लेख एका गिटारवादकावर होता, वय सत्तरीचं. उभ्या आयुष्यात त्यांच्या बोटांना कोणी गाठलं नाही, म्हणून सगळे त्यांना तुफान म्हणत. त्यांच्या नव्या अल्बमचं नाव होतं ‘सुसाट’. त्यात साथीला कोणी नाही, एकटी गिटार. समीक्षकाने मथळा दिला होता, ‘तुफान निवलं’. आत लिहिलं होतं, ‘एकेक सूर घरी येतो, चपला काढतो आणि निवांत बसतो. आजवरचं हे त्यांचं सर्वांत सुंदर काम. नावातला उपरोध तर फारच सूक्ष्म.’

त्याने आपला मोबाइल काढून पाहिला. आठवडाभर तो एका मंत्र्याची मुलाखत ऐकून उतरवत होता. मंत्री वाक्य संपवायचेच नाहीत, म्हणून त्याने आवाजाचा वेग पाऊणपट करून ठेवला होता. मुलाखत संपली. वेग तसाच राहिला. कंपनीने आगाऊ पाठवलेला अल्बम त्याने त्याच वेगाने ऐकला, दोनदा डोळेही पुसले.

“आता?” बायकोने विचारलं.

“जातो आणि त्यांचे पाय धरतो. बाहेर कळलं तर उद्यापासून माझा लेख कोण वाचणार?”

“एकच धरा. दुसरा त्यांना लागेल.”

ते खरंच होतं. ‘किंचित सैल’ एवढंच लिहिणाऱ्या एकाला तुफानांनी जिन्यापर्यंत पोचवलं होतं, आणि पायऱ्या उतरायचे कष्ट पडू दिले नव्हते.

दार तुफानांनीच उघडलं. चेहरा पार उतरलेला. “या ना,” ते इतक्या हळू म्हणाले की समीक्षकाने आधी मागे जिना किती लांब आहे ते पाहिलं. आत त्याला पंख्याखालची खुर्ची मिळाली. चहा आला. तुफानांनी स्वतः बशी पुढे केली.

“सकाळपासून घास घेतला नाही ह्यांनी,” त्यांची बायको म्हणाली. “तुमचा लेख वाचला तेव्हापासून.”

समीक्षकाने कप खाली ठेवला.

“साहेब, माझ्या हातून मोठी चूक झाली,” तो म्हणाला आणि मंत्र्यापासून मोबाइलपर्यंत सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. “उद्याच खुलासा छापतो. तुम्ही ह्यापेक्षा कितीतरी फास्ट वाजवलंय.”

तुफानांच्या चेहऱ्यावर झरकन रंग आला. “म्हणजे, तुम्हाला कोणी काही सांगितलेलं नाही?”

“काय सांगायचंय?”

“काही नाही. खुलासा तेवढा छापू नका. बिस्किट घ्या.”

“पण साहेब, लोकांना खरं कळायला नको?”

तुफान खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे समोरच्या इमारतीच्या भिंतीखेरीज काहीही नव्हतं. त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी तिला राहवेना.

“भाऊ, बोटं दुखतात हो ह्यांची आता. रेकॉर्डिंगवाल्याच्या मागे लागून ह्यांनीच नंतर वेग वाढवून घेतला,” ती म्हणाली. “ह्यांनी खरं वाजवलेलं बाहेर तुम्ही एकट्यानेच ऐकलंत.”