भिंतीची भूक

गेल्या मंगळवारी जिद्दा बंदरातलं अबू हातिमचं घर जिवंत झालं. पण त्याची बायको रुदैना शेजाऱ्यांना "छे, कुठे काय!" म्हणाली, तेव्हा तसं काही झालंच नाही असं आपणही धरून चालू.

झालं ते इतकंच, की खाऱ्या पाण्याच्या टाकीत नुसते मासे पाळून अबू हातिम कंटाळला आणि प्रवाळ वाढवायचं त्याच्या मनाने घेतलं. प्रवाळ कुरतडणारे मासे त्याने मेहुण्याला देऊन टाकले. आता प्रवाळ रुजायला तळाशी दगड हवा होता. त्याचं घर जुन्या वस्तीतलं, आणि तिथली घरं समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्याच दगडांची. त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीतला एक उपसून टाकीत सोडला.

"उद्या छप्परही बुडवा," रुदैना म्हणाली.

चौथ्या दिवशी खाणं पडताच त्या दगडाने शेकडो बारीक तोंडं उघडली. अबू हातिम आनंदाने नाचला.

"झालं नाचून?" रुदैना हळूच म्हणाली. "मग भिंतीलाही घाला थोडं. तिनेही उघडलीत."

काल भिंती फुगल्या आणि दार घट्ट बसलं. अबू हातिमने पालिकेच्या नावाने अर्ज लिहून खिडकीच्या जाळीतून खाली सोडला : 'माशांचे खाणे संपले असून घर अद्याप भुकेले आहे. तरी सदर घर तातडीने समुद्रात परत सोडावे, व तत्पूर्वी, जमल्यास, आम्हां नवराबायकोला बाहेर काढावे, ही नम्र विनंती.'