आवाज न करता

सकाळची बॅच सुटली. बाया मॅट गुंडाळून जिना उतरल्या, तरी श्यामकांत चपला हातात घेऊन दारातच उभे होते. सत्तरीचे, रेल्वेतून रिटायर झालेले, कंबरेत थोडे वाकलेले. पिलाटिस व्यायामाच्या क्लासात असं कोणी सहसा येत नसे.

"काका, पाठ दुखते का?" क्लास घेणाऱ्या अनुश्रीने विचारलं.

"दुखते. पन त्यासाठी नाही आलो." ते आत आले. "मले उचलाचं शिकवा, मॅडम."

"काय उचलायचं?"

"आमच्या गोदूले."

बायकोचं डावं अंग दिवाळीत लुळं पडलं होतं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, सगळं तेच करत.

"उचलताना माझ्या तोंडून आवाज निघते," ते म्हणाले. "ते ऐकून तिनं पानी प्याचं कमी केलं. मले घडीघडी उठवा लागू नये म्हनून. काहून नाही पीत विचारलं, तर म्हनते, तहानच लागत नाही."

अनुश्रीने एक खुर्ची ओढली आणि तीत बसली. "मी गोदूकाकू. उचला मला."

श्यामकांत कंबरेतून वाकले, तिच्या काखेत हात घातले आणि श्वास रोखून ओढलं. घशातून कण्हणं निघालंच. ते ओशाळले.

"श्वास कोंडून धरता, काका. तोच असा बाहेर पडतो. आधी जवळ या. अजून जवळ. गुडघे वाकवा, पाठ नाही. पोट जरासं आत घ्या, आणि श्वास सोडत सोडत उठा. काकूंना पुढे झुकायला सांगा. जितकं जमेल तितकं त्यांनाच उठू द्या. तुम्ही ओढू नका, सोबत उठा."

"हात कुठी धरू?"

"कंबरेमागे."

त्यांनी संकोचत हात मागे नेले. बोटांना काहीतरी कडक लागलं. टी-शर्टच्या आत पट्टा होता, पाठीच्या दुखण्याचा. ते तसेच थांबले.

"मॅडम, तुमाले बी?"

अनुश्रीने दाराकडे पाहिलं. "कोणाला सांगू नका, काका. पाठ सांभाळायला शिकवणारीचीच पाठ गेली म्हटलं, तर कोण येईल?"

"केव्हापासून?"

"उन्हाळ्यापासून. प्रत्येक बॅचला सगळं करून दाखवावं लागतं. दुखलं तरी हसत."

"आन् पोट्टी सहन करून राहिली," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

मग त्यांनी घाई केली नाही. जवळ आले. गुडघे वाकवले. तिने त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले.

"झुक बेटा, पुढं झुक. मी आहो."

त्यांचा श्वास सावकाश सुटत गेला आणि अनुश्री उभी राहिली. हॉलमध्ये फक्त पंखा फिरत होता. खुर्चीतून उठताना कंबरेत नेहमी येणारी कळ या वेळी आली नाही. उभी राहिल्यावरही तिने त्यांच्या खांद्यांवरचे हात काढले नाहीत. त्यांनीही सोडलं नाही. बायकोलाही ते असंच धरून ठेवत असतील, पाय सावरेपर्यंत.

"जमलं, काका."

"हव. आवाज नाही आला." ते हसले आणि बाहीने डोळे पुसले.

दारात चपला घालताना ते थांबले. "एक विचारू, बेटा? तुले कोन उचलते?"

ते कठड्याला धरून जिना उतरून गेले.

खालून पुढच्या बॅचच्या पोरी वर आल्या. सगळ्यांत पुढे सोनिया होती. तिने आपली मॅट पसरली. "दीदी, पहले आप करके दिखाओ ना."

अनुश्री सवयीने मॅटकडे वळली, आणि थांबली.

"आज मैं नहीं दिखाऊंगी," ती म्हणाली. "कमर में दर्द है. मैं बोलूंगी, तुम लोग करना."

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. अनुश्री त्या सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली बसली, आणि भिंतीला पाठ टेकली.