मौनाची वेळ

संध्याकाळी साडेसहाला निसर्गोपचार केंद्राच्या कुंपणापलीकडून हाक आली, "ये गोऽऽ मोरयेऽऽ!" ओसरीवर डोळे मिटून बसलेल्या पाहुण्यांपैकी दोघातिघांनी डोळे उघडले. सहा ते आठ ही इथली मौनाची वेळ.

व्यवस्थापक धावत कुंपणाशी गेला. "काकी, हळू! पाहुणे मौनात आहेत."

"माजी म्हस काय मौनात नाय," शेजारच्या द्रौपदी घाडी म्हणाल्या. त्यांची गाभण म्हैस चरायला गेली ती परतली नव्हती आणि परवाच पाणंदीत बिबट्याचे ठसे दिसले होते. "हाक ऐकली काय येता ती."

"रोजचंच झालंय हे. उद्यापासून तुमचं दूध बंद करायला लावू नका."

"बंद करूचा तर करा. पयली म्हस घराक येवंदे." पुढची हाक त्यांनी आधीपेक्षा मोठ्याने मारली.

मागच्या चटईवरच्या एक वयस्क बाई उठल्या. आल्यापासून त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. चपला घालून त्या कुंपणाशी आल्या. "कुठल्या बाजूला गेली होती?"

"मॅडम, तुमचं मौन!"

"मोडलं," म्हणत त्यांनी फाटक उघडलं.

सात वाजता पोफळीच्या बागेपलीकडे दोन बॅटऱ्यांचा उजेड हलत होता. हाकाही दोन येत होत्या, एक सरावाची आणि एक घोगरी. म्हशीच्या गळ्यातली घंटा मात्र अजून कुणाला ऐकू आली नव्हती.