पन्नासावं नाव

"दार एकच आहे. आग लागली तर यातून एकोणपन्नास माणसं वेळेत बाहेर पडतील. पन्नासावं दिसलं की मी कुलूप ठोकणार," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी टेप गुंडाळली.

बाईंनी मान डोलावली. त्यांचं गाण्याचं मंडळ तीन वर्षं जागेसाठी दारोदार फिरत होतं. आता कुठे हा हॉल भाड्याने मिळत होता, आणि मंडळाच्या वहीत नावं होती नेमकी पन्नास!

"भिंत फोडून दुसरं दार काढू की," मंडळातले आजोबा म्हणाले.

"मालक भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाहीत."

"मग मला काढा. माझा आवाज तसाही फाटलाय."

"तुम्ही गेलात तर खालचे सूर कोण लावणार, मी?" बाई हसल्या. "एक नाव कमी करायचं ना, ते माझ्यावर सोडा."

त्या आठवड्यात कोणालाच अन्न गोड लागलं नाही. जो तो शेजाऱ्याकडे चोरून बघायचा आणि स्वतःचीच लाज वाटून मान खाली घालायचा.

तपासनिसांनी असली मंडळं पायलीला पन्नास पाहिली होती. एक कमी करतो म्हणतात सगळे, करत कोणी नाही. पहिल्याच रविवारी, भर दुपारी, ते न कळवता येऊन थडकले.

आत गाणं रंगलं होतं. सगळे दाराकडे पाठ करून उभे. तपासनीस डोकी मोजायला लागले आणि बाराव्या डोक्यावर आकडाच विसरले. अरे बापरे! एवढ्या गळ्यांतून एकच आवाज निघतो, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. अंगावर सर्रकन काटा आला. डोळे पुसून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकोणपन्नास.

गाणं संपलं, तसे आजोबा वळले. "साहेब, जरा बाहेर उभे राहता का? तुम्हाला धरून पन्नास झाले."

हसावं की रागवावं, तपासनिसांना कळेना. नियम त्यांनीच सांगितलेला, करतात काय! मुकाट्याने बाहेर पडले. आत पुन्हा सूर लागला.

पण संशय काही जाईना. पन्नासाव्याला यांनी कुठेतरी लपवलंच असणार. हॉलला वळसा घालून ते मागच्या गल्लीत गेले.

तिथे उघड्या खिडकीसमोर, रणरणत्या उन्हात, स्टुलावर उभ्या राहून बाई दोन्ही हातांनी आतल्या एकोणपन्नास जणांना गायला लावत होत्या.