चोथ्यातले शब्द

"माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, यंत्र मात्र कधी खोटं बोलत नाही," स्फाक्स शहरातल्या कामगार कचेरीत निरीक्षक तिजानींनी जाहीर केलं, आणि मग संगणक कुठून चालू होतो ते कारकुनाला विचारलं.

समोर तेलघाण्याचे मालक मुन्सिफशेठ आणि त्यांचा भाचा शादली बसले होते. घाण्यावरची ऑलिव्हचं तेल गाळणारी सगळी यंत्रं एका प्रोग्रॅमवर चालत. तो आपल्या तिशीतल्या भाच्यानं लिहिलाय, ‘यातला शब्दन् शब्द शादलीचा’, असं शेठनी सहीनिशी लिहून दिलं होतं. तो माझा आहे म्हणणाऱ्या रफीकाला त्यांनी हाकललं होतं. ती पलीकडच्या खुर्चीत बसली होती; तिला नोकरी परत हवी होती आणि प्रोग्रॅमवर आपलं नाव.

"मिटवून टाका, बाई. दोन डबे तेल घ्या नि घरी बसा."

"तेल तुमच्याच डोक्यावर थापा, शेठ. फार तापलंय."

प्रोग्रॅमचा मूळ मजकूर शेठच्या कुलपात होता. हाती होती ती चालती फाइल, फक्त यंत्रालाच कळणारी. रफीकानं काळ्या पडद्यावर ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा दिली, पुढे फाइलचं नाव.

"यानं काय होतं?" तिजानींनी विचारलं.

"चोथा पिळून तेल काढतात ना, साहेब, तसं. फाइलीत माणसाला वाचता येण्याजोगं जे असेल, तेवढं बाहेर येतं."

यंत्र कामगारांना दाखवतं त्या सूचनांच्या ओळी भराभर उतरल्या. पोरं फोनवर लिहितात तसली, रोमन अक्षरांत आकडे खोचलेली अरबी. तिजानींना एक अक्षर लागेना, म्हणून रफीका वाचत गेली. ‘काटा रिकामा.’ ‘झाकण उघडं.’ शेठनी जांभई दिली. शादलीनं पाणी मागितलं.

एका ओळीशी ती थबकली.

"वाचा, वाचा," तिजानी म्हणाले.

"‘यंत्र अडकलंय. शेठसारखंच. गिळतंय फार, काम काही नाही.’"

कारकुनाला खोकला आला. शेठ ताडकन उठले. "माझा भाचा असलं लिहील? माझ्या घरचं मीठ खाल्लंय त्यानं! ही या बाईचीच जीभ! हिनंच लिहिलंय हे सगळं!"

"सगळं?" तिजानींनी पेन उचललं.

"सगळं! पहिल्या अक्षरापासून!"

"बाई, तुमचं म्हणणं?"

रफीकानं हनुवटी वर केली. "प्रोग्रॅम माझा आहे. सहा महिने दुसरं काय सांगतेय मी?"

निकाल तिथंच लागला. नोकरी परत, नाव रफीकाचं. शेठ पाय आपटत गेले, रफीका ताठ मानेनं गेली. तिजानी स्वतःच्या चातुर्यावर खूश होऊन खुर्चीत रेलले, तेव्हा शादली अजून दाराशीच घुटमळत होता.

"साहेब, निकाल बरोबरच आहे. सगळं तिचंच," तो हळूच म्हणाला. "ती एक ओळ तेवढी माझी. मामांना सांगू नका हं."