रिकामं स्टूल

पडदा उघडला आणि विंगेतून समूहगान चालवणाऱ्या बाईंना पोरांच्या रांगेत रिकामं स्टूल दिसलं. त्यावर उभी राहणारी ठेंगणी चिमणी विंगेतल्या खुर्चीत हुंदके देत होती. “मीच बसवलंय तिला,” बाईंच्या शेजारी उभे असलेले मुख्याध्यापक कुजबुजले. “पाहुण्यांपुढे बेडकाचं डरांव डरांव नको. बाकीची गातील की!” बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाण्याची पहिली, खर्जातली ओळ त्यांनी तिच्याच घोगऱ्या आवाजासाठी रचली होती. बाकीचे सूर त्याच्याच खांद्यावर चढायचे. त्यांनी हात उंचावला. पोरांनी श्वास भरला. हात मात्र खाली येईना. “अहो बाई, लोक बघताहेत!” “बघू देत. चिमणे, ये गं. तुझ्याशिवाय आमचं कुणाचंच तोंड उघडत नाही.” चिमणी नाक पुसत स्टुलावर चढली. “सर, ती खुर्ची आता मोकळी आहे,” बाई म्हणाल्या. “बसा तुम्ही.” आणि त्यांचा हात खाली आला.