बिनलोखंडी खोली

“केसातली पिन?”

“काढली, मॅडम.”

“बुटांच्या नाड्यांची टोकं?”

“कापली.”

केंद्रप्रमुख बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बर्फावर उभ्या असलेल्या त्या लाकडी खोलीत लोखंडाचा कणही न्यायला बंदी होती. भिंतींचे खिळेसुद्धा तांब्याचे. सूर्यावर वादळ झालं की पृथ्वीचं चुंबकत्व थरथरतं आणि इथे, ध्रुवाजवळ, सगळ्यात जास्त थरथरतं. तरी ती थरथर इतकी बारीक की खिशातली किल्लीही तिची हुबेहूब नक्कल करते. अलीकडे खोलीतल्या मोजमापात रोज एक उडी दिसत होती. आवारातल्या दुसऱ्या, आपोआप चालणाऱ्या यंत्रात मात्र तिचा मागमूस नव्हता. म्हणजे वादळ सूर्यावर नव्हतं, खोलीतच होतं. कुणीतरी लोखंड घेऊन आत जात होतं.

आत दोघंच जात. एक ती. नुकतीच पीएचडी झालेली, पहिलीच नेमणूक. दुसरे तिचे सर, ज्यांची अर्धी हयात अशा खोल्यांत गेली होती. संशय कुणावर येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तिने काय नाही केलं? चेनचं जाकीट सोडून बंदांचं घातलं. चष्मा बदलला. केंद्राच्या डॉक्टरकडून दातसुद्धा तपासून घेतले. तोंडात होकायंत्र धरायचं तेवढं बाकी राहिलं. तरी उडी येतच होती. घोडं कुठे पेंड खातंय, काही केल्या कळेना.

“हे बघ,” बाई म्हणाल्या, “जहाज आज निघतंय. यानंतर थेट हिवाळा संपल्यावर. आज पुन्हा उडी आली तर तुला याच जहाजाने परत जावं लागेल. अख्ख्या हिवाळ्याची मोजमापं मी वाया नाही घालवू शकत.”

हिवाळ्यातल्या त्या लांबलचक रात्रीसाठीच तर ती इथे आली होती. परत जायचं म्हणजे नुसता गाशा गुंडाळायचा नव्हता. या क्षेत्रात माणसं मोजकी आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. लोखंड घेऊन आत जाणारी पोरगी, हा शिक्का कपाळावर बसला की पुन्हा कोण उभं करणार?

सर शेजारीच उभे होते, मख्खासारखे. त्यांनी घड्याळ, पट्टा, किल्ल्या दाराबाहेरच्या लाकडी पेटीत ठेवल्या. जरा वेळ पाठमोरे घुटमळले आणि आत आले. तिला त्यांचा राग आला. आपल्या विद्यार्थिनीच्या बाजूने एक शब्द तरी बोलायचा होता!

दार बंद झालं. बाई बाहेर थांबल्या. ती यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावून बसली. शिकाऊ माणसाने चुंबकत्वाच्या दिशेचा कोन वाचून सांगायचा आणि जाणत्याने लिहून घ्यायचा, ही तिथली जुनी रीत. वाचणाऱ्याची चूक लिहिणाऱ्याने पकडावी म्हणून. सर रोज लिहायची पाटी घेऊन अगदी तिच्या खांद्याशी येऊन बसत. आज मात्र ते दाराजवळच टेकले.

तिने श्वास रोखून यंत्र फिरवलं. काटा शून्यावर आला. एरवी तो इथेच दगा द्यायचा. तिने वाट पाहिली. काटा जागचा हलला नाही.

उडी नव्हती!

तिने कोन वाचला. मग दुसरा. आवाज आनंदाने चिरकत होता.

“लिहिलंत ना, सर?”

तिने वळून पाहिलं. पाटीवरचा कागद कोरा होता. सर हातात पेन्सिल धरून बसले होते आणि तिने तोंड त्यांच्याकडे वळवताच त्यांची नजर तिच्या ओठांवर आली.

“काही म्हणालीस का?” त्यांनी विचारलं. फार मोठ्याने.

तिला सगळं कळलं. क्षणभर वाटलं, ती पाटी घ्यावी आणि यांच्याच डोक्यात घालावी.

“कानात यंत्र असतं माझ्या,” सर म्हणाले. “एवढंसं. पण त्यात चुंबक असतो. आज ते बाहेर पेटीत ठेवून आलो. इथे येण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत मी ते लपवलं. सांगितलं असतं तर निवृत्तीआधीचा हा शेवटचा हिवाळा मिळाला नसता. आत ते काढून यावं तर तू सांगतेस तो आकडा ऐकू येत नाही आणि नाही काढलं तर आकडाच खोटा येतो. रोज ठरवायचो सांगायचं आणि रोज कच खायचो.” ते उठले. “माझं सामान सकाळीच जहाजावर चढवलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी नको. मॅडमना मीच सांगतो.”

तिचा राग गेला नव्हता. यांनी तिची रोज झडती होऊ दिली होती. पण कोन वाचण्यात त्यांचा हात धरणारा माणूस साऱ्या केंद्रात नव्हता, हेही तिला ठाऊक होतं. तिने त्यांच्या हातातून पाटी काढून घेतली. त्यांचा दंड धरून त्यांना यंत्रासमोर बसवलं. सर गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. तिने दुर्बिणीकडे बोट दाखवलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि त्यातला एक दुर्बिणीला लावला.

दार उघडलं. गार वाऱ्याबरोबर बाई आत डोकावल्या. “काय झालं? आली का उडी? कुणाचं लोखंड होतं?”

सरांना यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी पहिला कोन वाचला, पार जहाजापर्यंत जाईल अशा आवाजात. तिने तो लिहून घेतला आणि मगच मान वर केली.

“सरांच्या कानातलं होतं, मॅडम. त्यांचं सामान उतरवून घ्या. आकडा वाचायला कान लागत नाहीत.”